बर्फ कुठं होता

मुरबाडच्या दिनेशने किन्हवलीच्या बाजारातल्या अकरा मांजरांच्या मालकांना फसवलं. लस म्हणून त्याने त्या मांजरांना काय टोचलं ते त्याचं त्याला ठाऊक, पण ते लसीचं काम करणारं नव्हतं, हे पुढे त्यातली पाच मेली तेव्हा सगळ्यांना कळलं. त्या अकरांत माझी एक मांजर होती आणि मथुराबायचा एक बोका होता. माझी वाचली. तिचा गेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी मथुराबायबद्दल बरंच काही लिहिणार आहे, आणि ते वाचताना माझा राग निवला असं कोणाला वाटायला नको.

मथुराबाय आता नाही. दिनेश आहे. चांगला धडधाकट आहे, अंगावर इस्त्रीचा शर्ट असतो, आणि लोक अजून त्याला डॉक्टर म्हणतात.

मी ताडपत्र्या, दोरखंड, प्लास्टिकचे ड्रम असला माल विकतो. आज माझं गोदाम आहे, टेम्पो आहे. बावीस वर्षांपूर्वी खांद्यावर नायलॉनच्या दोरीची भेंडोळी टाकून मी बाजारातून नुसता फिरायचो, कारण बसायला जागा कोणी देत नव्हतं. ज्याच्या शेजारी भेंडोळं टेकवावं तो उठवायचा. मथुराबायने तिच्या मासळीच्या पाटीशेजारची दीड हात जागा दाखवली आणि म्हणाली, बस, पण वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावलास तर तिथूनच उठवीन. मी रुमाल लावला नाही. त्या दीड हातावर माझा धंदा उभा राहिला.

ती मला ‘दोरीवाल्या’ म्हणायची. मी टेम्पो घेतला त्या आठवड्यापासून ‘शेट’ म्हणायला लागली. त्यात मान किती आणि चिमटा किती, हे मला कधी कळलं नाही. रागावली की मात्र पुन्हा ‘दोरीवाल्या’.

बुटकी होती. काळीसावळी, पाठीत किंचित वाकलेली. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, नवरा कधीच वारलेला, आणि एसटी थांब्यामागच्या एका खोलीत ती एकटी. एका बाजूला सुकी मासळी मांडायची, सुकट, बोंबील, जवळा, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलच्या पेटीत बर्फावर थोडी ओली मासळी. आजूबाजूच्या बायका ओरडून ओरडून गिऱ्हाईक बोलवायच्या. ही ओरडत नसे. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की एकदा भाव सांगायची आणि गप्प बसायची. मी घासाघीस करून वर आलेला माणूस आहे. भिवंडीच्या घाऊक व्यापाऱ्यांना मी घाम फोडला आहे. पण बावीस वर्षांत मथुराबायकडून एक बोंबील मला कमी भावात मिळाला नाही. मी बोलत राहायचो, ती माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघत राहायची.

तिचं खरं ज्ञान बर्फाचं. उजव्या हाताची बोटं कायम सुरकुतलेली, पांढरी पडलेली. पहाटे मासळीचा पिकअप आला की ती मासळीकडे आधी बघत नसे. पेटीत कोपरापर्यंत हात घालायची, क्षणभर तसाच ठेवायची, आणि निकाल द्यायची. हा बर्फ सकाळचा नाही, कालचा आहे, कडा गेल्यात. हा वितळून पुन्हा गोठवलेला आहे. या पेटीत वर नवा घातलाय, खाली पाणी आहे. पिकअपवाला शपथा घ्यायचा. ती हात बाहेर काढून त्याच्यासमोर धरायची, जणू हातावर लिहिलेलं आहे. त्या हाताने नाकारलेली पेटी दुसरी कोणी घेतली, तर दुपारपर्यंत तिच्या मासळीवर माश्या बसलेल्या असायच्या.

आता बोक्याचं सांगतो.

एका सकाळी पिकअप आला आणि इंजिनातून बारीक आवाज यायला लागला. गाडी आदल्या संध्याकाळपासून भातसानगरच्या कॉलनीत उभी होती. बॉनेट उघडलं तर आत दोन पिल्लं. उबेला शिरलेली. एक पट्ट्यात सापडून गेलं होतं. दुसरं ग्रीसने काळं झालेलं, कान एका बाजूने भाजलेला. ड्रायव्हर ते रस्त्याकडेला टाकायला निघाला, तर मथुराबायने सुकटीची टोपली पुढे केली. पिल्लू त्यात ठेवलं, वरून ओलं गोणपाट टाकलं. मासळीवाली मांजर पाळते म्हणून बाजार महिनाभर हसला.

त्या दिवसापासून तिला एक सवय लागली. कुठलीही गाडी सुरू होणार असेल तर ती जाऊन बॉनेटवर तळहाताने तीनदा थापटायची. पिकअप असो, वडाप जीप असो, माझा टेम्पो असो. एकदा तहसीलमधल्या साहेबांची पांढरी गाडी निघत होती. हिने पाटीवरून उठून, मासळीचाच हात, धडाधड तीनदा मारला. ड्रायव्हर उतरून शिव्या द्यायला लागला. ही म्हणाली, “शिव्या मागनं दे. आधी आत बघ.” त्याने काही बघितलं नाही, पण साहेबांनी खिडकी खाली केली आणि त्याला बघायला लावलं. आत काही नव्हतं. “नाय तर नाय,” म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

बोक्याचं नाव तिने ‘भाऊसाहेब’ ठेवलं होतं. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. कारण विचारलं तर सांगायची, दिवसभर बसून असतो, काम विचारलं की डोळे मिटतो, आणि खायला मात्र वेळेवर येतो. तो बाजारात तिच्याबरोबर टोपलीतून यायचा आणि पेटीशेजारी मासळीकडे पाठ करून बसायचा. गिऱ्हाइकं थांबून बघायची. मासळीवालीचा बोका मासळी चोरत नाही याचं सगळ्यांना नवल. त्यात जादू काही नव्हती. त्याचं पोट भरलेलं असायचं, एवढंच. सकाळी निघण्याआधी ती त्याला मासळीची डोकी बिनमिठाची उकडून, काटे काढून घालायची. सुकी मासळी त्याला दाखवायचीही नाही.

“मिठानं त्याचं मूत बंद होतं,” ती म्हणायची. हे ती आधीपासून म्हणत नव्हती. हे ती शिकली, आणि कशी शिकली ते मी पाहिलं आहे.

आमच्या समोर गणपत भजीवाला बसायचा. त्याला गंमत वाटायची म्हणून तो दर बाजाराला भाऊसाहेबाला मथुराबायची नजर चुकवून खारा बोंबील टाकायचा. तिच्याच पाटीतला उचलून तिच्याच बोक्याला. पुढे एका बाजाराला बोका सारखा मागे मातीत जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. मला काही कळलं नाही. मथुराबाय दोनदा मागे जाऊन आली, ती जागा तिने हाताने चाचपून बघितली. माती कोरडी होती. तिने टोपली उचलली, मला म्हणाली, “शेट, पाटी बघ,” आणि भर बाजारात, ओली मासळी बर्फावर तशीच टाकून, शहापूरच्या जीपमध्ये बसून गेली.

मी तिची मासळी विकली. तिच्या भावापेक्षा वरच विकली, हे सांगायला मला लाज नाही. ती चारच्या सुमाराला परत आली. शहापुरात जनावरांच्या एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांनी नळी घालून बोक्याला मोकळं केलं होतं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर मेला असता, असं सांगितलं होतं. मला वाटलं, बाई आता रडेल तरी किंवा मी किती मासळी खपवली ते विचारेल. तिने पेटीत हात घातला आणि विचारलं, “बरफ नवा घातलास का नाय?”

मग ती गणपतकडे गेली. खाऱ्या, कोरड्या खाण्याने आणि कमी पाण्याने असं होतं, हे मॅडमनी तिला सांगितलं होतं, आणि बोंबील कोण टाकतं ते तिला शेजारच्या भाजीवालीकडून कळलं होतं. तिने पाटीतला मोठ्यात मोठा खारा बोंबील निवडला, गणपतच्या परातीवर ठेवला आणि म्हणाली, “खा.” गणपत हसला. ती हसली नाही. “भाजल्याबिगर खा. वर पानी पिऊ नको.” लोक जमले. गणपतने खाल्ला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्याने तांब्याकडे हात नेला, तो तिने पायाने सरकवला. अर्धा तास ती तिथे उभी होती. अर्ध्या तासाने तिने स्वतः तांब्या भरून त्याच्या हातात दिला. गणपतने पुन्हा कधी कुठल्या मांजराला काही टाकलं नाही, आणि गंमत म्हणजे त्या दिवसापासून दोघांची मैत्री झाली.

तिचा राग असा होता. मोजून मापून करायचा आणि संपला की संपला. माझा तसा नाही.

पुढे बोक्यासाठी ती जे काही करायची, ते करताना कोणाची पर्वा करत नसे. त्याची नसबंदी करून आणली तेव्हा बाजारातले बाप्ये खालच्या आवाजात खिदळायला लागले. ती मोठ्यानेच म्हणाली, रात्री गटाराशी मारामाऱ्या करून कान फाडून घेणारे बोके मी पुष्कळ पाहिलेत, दोन पायांचेसुद्धा, त्यापेक्षा हा घरी झोपलेला बरा. त्यानंतर कोणी खिदळलं नाही. पाण्यासाठी माझ्याकडून प्लास्टिकचं घमेलं घेऊन गेली आणि पुढच्या बाजाराला परत घेऊन आली. म्हणाली, भाऊसाहेब याच्यात पीत नाय, त्याला मातीचं पायजे, तुजं तुला घे. वापरलेला माल मी आयुष्यात परत घेतलेला नाही. तिचा घेतला.

मग मांजरांची साथ आली. एका पावसाळ्यात शेणवे गावाच्या बाजूला मांजरं पटापट मेली. उलट्या, हगवण, चार दिवसांत संपायची. मांजरं गेली आणि उंदीर माजले. लोकांच्या कणग्या फोडल्या, माझ्या गोदामात ताडपत्र्यांच्या घड्यांना आरपार भोकं पाडली. तेव्हा मी पहिल्यांदा मांजर पाळली, आणि मांजरांना लस असते हेही तेव्हाच कळलं. शहापूरला एकेक मांजर घेऊन जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात दिनेश बाजारात उगवला तेव्हा मला तो बरा वाटला. खिशातून स्टेथोस्कोप डोकावत होता. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होतो म्हणाला. कुठल्या, ते मी विचारलं नाही. मी भाव विचारला.

इथून पुढचं लिहिताना हात जड होतो, पण लिहितो.

मी त्याला सांगितलं, एका मांजराचा भाव सांगू नको, अकराचा सांग. बाजारातली सगळी मांजरं मी जमवून देतो. तो उतरला. मी आणखी दाबलं, तो आणखी उतरला. मग म्हणाला, प्रत्येक मांजराचं कार्ड करायचं, त्यावर बाटलीचं लेबल चिकटवायचं, सही करायची, त्याचे वेगळे. मी म्हटलं, कार्ड काय मांजर वाचणार आहे, कार्ड नको, तेवढे कमी कर. तो लगेच हो म्हणाला.

लगेच. बावीस वर्षं घासाघीस करणाऱ्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं. समोरचा लगेच कबूल झाला की मी माल उलटून बघतो, शिवण ओढून बघतो. त्या दिवशी मी स्वतःवर खूष होतो.

ठरल्या दिवशी भर मे महिन्यात दुपारी बाराला तो मुरबाडहून मोटरसायकलवर आला. मागे थर्माकोलची पेटी दोरीने बांधलेली. बायका मांजरं घेऊन जमल्या होत्या. कोणी टोपलीत, कोणी चेनच्या पिशवीत, एकीने कुकरच्या खोक्यात. मथुराबाय सगळ्यांत पुढे. दिनेशने पेटीचं झाकण उघडलं, आणि तिने सवयीने आत हात घातला.

“बरफ कुठंय?” ती म्हणाली.

दिनेश म्हणाला, आजी, आता बर्फ नसतो, जेल असतं. तिने आतली निळी पिशवी उचलून दाबली. ती बुळबुळीत हलली. “ह्ये कोमट हाय,” ती म्हणाली. “आतमदी सगलंच कोमट हाय. ह्याच्यात ठेवलेली मांदेली मी कुत्र्याला घालनार नाय.”

दिनेश हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “शेट, मला टाइम नाही. करायचं तर करा, नाहीतर कॅन्सल.”

उन्हाने डोकं तापलेलं. अकरा मांजरं ओरडत होती. सौदा मी केलेला, शब्द मी दिलेला, आणि सगळ्यांसमोर माझा सौदा खोटा ठरत होता. मी मथुराबायला म्हणालो, “ही मासळी नाही, मथुराबाय. औषधातलं त्यांना कळतं. हात काढ, लोक खोळंबलेत.”

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. जिचा हात बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता, तिने तो हात बाहेर काढला, लुगड्याला पुसला आणि भाऊसाहेबाला पुढे धरलं. दिनेशच्या भरवशावर नाही. माझ्या.

तीन आठवड्यांनी दुसरं इंजेक्शन द्यायला तो येणार होता. आला नाही. फोन लागला नाही. आम्हीही विसरलो. मांजरं हिंडतफिरत होती.

पाऊस सरत आला तेव्हा साथ किन्हवलीत आली. अकरांतली सात आजारी पडली. माझी दिवसरात्र गोदामात बंद असते, म्हणून की काय कोण जाणे, तिला काही झालं नाही. त्या बाजाराला मथुराबाय मासळी न घेता आली. तिला मासळीशिवाय मी पहिल्यांदाच पाहिलं. टोपली माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “शेट, कालपासून पान्यावर तोंड धरून बसतो. पीत नाय. नुसता पान्याकडं बघतो.”

मी दुकान तसंच उघडं टाकलं आणि टेम्पो काढला. ती टोपली घेऊन शेजारी बसली. मी चावी फिरवणार तोच टोपली सीटवर ठेवून खाली उतरली, टेम्पोच्या तोंडावर तीनदा थापटलं, वाकून खाली बघितलं, आणि परत येऊन बसली. तिचा स्वतःचा बोका मरत होता तेव्हासुद्धा.

मॅडमनी भाऊसाहेबाला तपासलं, सलाइन लावलं, आणि लस दिली होती का विचारलं. दिली होती म्हटल्यावर त्यांनी कार्ड मागितलं. कोणती लस, कधीची, बाटलीचा नंबर काय, हे कार्डावर असतं. लस नीट थंड ठेवलेली असेल, दोन्ही वेळा दिलेली असेल, तर सहसा एवढं होत नाही, असं त्या म्हणाल्या. मी टेबलाच्या कडेकडे बघत उभा होतो. मथुराबाय म्हणाली, “कारड आमी घेतलंच नाय.”

आमी. कोणी नको म्हटलं ते तिने सांगितलं नाही.

चार दिवस आम्ही त्याला नेऊन आणत होतो. चौथ्या दिवशी परतताना, शहापूर मागे पडल्यावर, ती म्हणाली, “गाडी थांबव, दोरीवाल्या.” मी थांबवली. ती टोपली घेऊन खाली उतरली आणि रस्त्याकडेच्या मोहाच्या सावलीत बसली. मी उतरलो नाही. थोड्या वेळाने परत आली, टोपलीवर ओलं गोणपाट नीट टाकलं, चारी बाजूंनी खोचलं. “चल,” म्हणाली. बस, तेवढंच.

आठवड्याने मी तिला घेऊन मुरबाडला गेलो. ती तयार नव्हती, मीच पेटलो होतो. दिनेश नाक्यावर चहा पीत होता. मी त्याची कॉलर धरली. मला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या, आणि मला पुष्कळ येतात. तो घाबरला नाही. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि शांतपणे म्हणाला, “कार्ड दाखवा ना, शेट. माझी सही दाखवा. मी तुमच्या मांजरांना हात लावला याला कागद काय?”

माझ्याच सौद्याने त्याने मला बांधलं होतं.

तेवढ्यात हसण्याचा आवाज आला म्हणून वळून बघितलं. मथुराबाय त्याच्या मोटरसायकलपाशी होती. तिने मागच्या पेटीच्या झाकणावरची दोरी सोडली होती, झाकण काढलं होतं, आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घालून उभी होती. चहावाले, रिक्षावाले बघत होते.

“बरफ कुठंय?” तिने विचारलं.

“या म्हातारीला आवरा,” दिनेश म्हणाला.

“बाटल्या हायत,” ती जमलेल्या लोकांना सांगत होती. “सुया हायत. आज बी बरफ नाय. मंग तवा कुठं हुता? बरफ कुठं हुता, सांग ना रे.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. मासळीचा भाव सांगायची त्याच आवाजात ती विचारत होती. पण हसणाऱ्यांतल्याच एकाने दिनेशला विचारलं, खरंच, बर्फ कुठं आहे? दिनेशने चहा टाकला, तिला बाजूला सारलं, किक मारली आणि पेटी उघडीच घेऊन निघून गेला. झाकण तिच्या डाव्या हातात राहिलं.

झाकणावर काळ्या शाईने त्याचं नाव, त्यापुढे ‘डॉक्टर’ आणि खाली फोन नंबर, सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मी ज्या कार्डाला नाही म्हटलं होतं, ते हे. दिनेश, ही गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. नाहीतर तू ते न्यायला आला असतास.

हिवाळ्यात मॅडमनी किन्हवलीत शिबिर घेतलं. त्यासाठी मथुराबाय तीनदा शहापूरला जाऊन बसली होती. तिच्याकडे तेव्हा मांजर नव्हती, पुन्हा तिने पाळलीच नाही. शाळेच्या ओट्यावर मॅडमचं टेबल, शेजारी त्यांची पेटी, आणि पेटीशेजारी मथुराबाय. रांगेतली प्रत्येक बाई आपलं मांजर घेऊन पुढे आली की ती म्हणायची, “घाल हात.” बाईने आधी पेटीत हात घालून गार लागतंय याची खात्री करायची, मग मांजर टेबलावर. मॅडमना आधी हसू आलं, मग त्या स्वतःच प्रत्येकीसाठी झाकण उघडून धरायला लागल्या. आमच्या बाजारात आता ही रीतच पडली आहे. परवा पोलिओचा डोस पाजायला आलेल्या सिस्टरच्या डब्यातसुद्धा एका आजीने हात घातला.

मी माझी मांजर घेऊन रांगेच्या शेवटी होतो. माझी पाळी आली.

“घाल हात, दोरीवाल्या.”

मी घातला. काढायला लागलो तर म्हणाली, “थांब.” बर्फ बोटांना चावायला लागला. मनगट दुखायला लागलं. मी तिच्याकडे बघितलं. “अजून,” ती म्हणाली. रांग संपली होती, मॅडम सिरिंज भरून वाट बघत होत्या. हात बधिर झाला, मग जळायला लागला. मी तो काढला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही.

“बस,” ती म्हणाली. आणि माझी मांजर तिने स्वतः उचलून टेबलावर धरली.

तिला मी शेवटचं नीट पाहिलं ते तेव्हाच. उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली, बगलेत ते झाकण, आणि मॅडमची गाडी सुरू व्हायच्या आधी घाईने पुढे जाऊन बॉनेटवर मारलेल्या तीन थापा. पुढे महिनाभरात तापाचं निमित्त झालं. मी टेम्पो घेऊन पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. मुलींनी खोली आवरली, पाटी आणि पेटी गणपतच्या बायकोला दिली. झाकण मी मागून घेतलं.

ते माझ्या दुकानात, गल्ल्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असं टांगलं आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कोणाचं? मी प्रत्येकाला सांगतो, नाव वाचा. वाचल्यावर हे सगळं पहिल्यापासून सांगतो. मला दम लागत नाही.

माझं उत्तर मी त्या ओट्यावर दिलं आहे, हात बधिर होईपर्यंत. दिनेश, तुझं राहिलं आहे. बाजाराच्या दिवशी ये, भर दुपारी ये, अकरा जणांसमोर या झाकणाखाली उभा राहा आणि सांग. त्या दिवशी बर्फ कुठं होता?